डाव्या गालाची दाढी

आबांच्या डाव्या गालावरून रक्ताचा बारीक ओघळ हनुवटीपर्यंत आला, तेव्हा आबा समोरच्या कडुनिंबावरच्या कावळ्याकडे बघत होते. रेझर माझ्या हातात होता. कापलं मी, आणि ज्याला कापलं तो माणूस निवांत. थेंब बनियनवर पडला, मग त्यांनी आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "हाई रगत कोनं शे?"

"तुमचंच शे, आबा."

त्यांनी उजव्या हाताचं बोट रक्ताला लावलं, बोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं. मी तुरटीचा खडा फिरवला. तुरटी झोंबते म्हणून मीच डोळे बारीक केले, त्यांच्या गालाला मात्र त्याचीही खबर नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर आबांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय ओढत का होईना, ते महिन्याभरात अंगणात चालू लागले, डाव्या हातात वाटी धरता येऊ लागली. पण तोंडाची डावी बाजू रुसली ती रुसलीच. चहा त्या बाजूने ओघळला तरी कळत नसे. "आर्धं तोंड मन्हं शे, आर्धं कोनं शे काय माहीत," असं भेटायला येणाऱ्याला सांगायचे, आधी हसून, मग नुसतंच. मग भेटायला येणाऱ्यांना भेटेनात. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसणारा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे निघालास म्हणून विचारणारा हा माणूस आता मागच्या पडवीत बसू लागला. गावाकडे पाठ करून.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, शीर मेलेली नाही, झोपलेली आहे. गालाला रोज कशाने तरी चोळत राहा, थंडी सरेपर्यंत जाग आली तर आली, नंतरचं सांगता येत नाही. कागदावर काहीतरी लिहूनही दिलं. तो कागद मी वरवर बघून पर्समध्ये घातला, आणि डोक्यात एवढंच राहिलं, की थंडी सरेपर्यंत. मी तळोद्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. एक काम आणि एक मुदत दिली की माझं डोकं ठिकाणावर येतं. दोन पातळं पिशवीत घालून कोरीटला, माहेरी आले ती आबांच्या गालाला जागं करायला.

दाढीची वेळ मी निवडली, कारण तेवढीच एक वेळ आबा कोणाला तोंडाला हात लावू देत. पहिले काही दिवस ते स्वतः करत होते. उजवा हात धड होता, पण जी बाजू लागतच नाही तिच्यावर पातं किती दाबायचं हे हाताला कसं कळणार. दोनदा कापून घेतल्यावर मायने रेझर काढून घेतला. गावातल्या न्हाव्याला बोलवू म्हटलं तर तोंड फिरवून बसले. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हाताने दाढी केली नव्हती. मग राहिले मी. लेकीसमोर गाल पुढे करायची त्यांना लाज वाटायची, म्हणून माझ्याकडे न बघता ते खांबाच्या खिळ्यावरच्या आरशात बघत बसायचे. आरशाचं हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला मात्र ती सकाळची वेळ आवडायची. खोटं कशाला बोलू. पडवीत ऊन यायला वेळ असायचा, बंबातलं पाणी कुरकुरत असायचं, शेजारच्या शेतात वाळत घातलेल्या मिरचीचा बारीक तिखट वास हवेत असायचा आणि धुक्यात सगळं थोडं लांब गेलेलं असायचं. म्हशीची साखळी वाजायची ती सुद्धा दुसऱ्या गावात वाजल्यासारखी. अशा वेळी मी किती वर्षांची आहे हे मला नीट आठवायचं नाही. कारण याच पडवीत, याच खांबापाशी, मी लहानपणी आबांची दाढी बघत बसायचे. पितळी वाटीत साबणाची वडी, बारकासा लाकडी दांड्याचा ब्रश. उठल्या उठल्या आबा तो ब्रश गरम पाण्याच्या तांब्यात उभा करत आणि म्हैस पिळायला जात. धारांचा आवाज संपला की येत, ब्रश झटकत आणि वाटीत फिरवत. मग तोच तो आवाज, भिजल्या केसांचा, पितळेवरचा. फेस वर यायचा. अर्ध्या झोपेत मला वाटायचं आबा रोज सकाळी वाटीतून ढग काढतात. दाढी झाली की ब्रशाला उरलेला फेस माझ्या नाकाला. तो टोचायचा. मी ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक पुढे करून बसायचे.

तो ब्रश मी आल्या आल्या शोधला होता. कोनाड्यात होता, केस पिवळे पडून ताठ झालेले, मधोमध टक्कल. इतक्या नाजूक गालाला हा खराटा कुठे लावायचा म्हणून मी तो परत ठेवला आणि पुण्याला भावाला फोन केला.

माझा भाऊ पुण्यात नोकरी करतो आणि दाढीचा नाद करतो. आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला नाद असा नव्हता, ती कसर त्याने एकट्याने भरून काढली. त्याच्या न्हाणीघरात म्हणे ब्रशांची रांग लागलेली असते. मी म्हटलं, अरे, आबांना काहीतरी मऊ हवंय. झालं. त्याच्या आवाजात जान आली. "ताई, बॅजरच्या केसांचा पाठवतो. बॅजरसारखं मऊ जगात काही नाही." मी म्हटलं, पाठव, आणि जमलं तर तूही ये. त्यावर तो म्हणाला की मार्चपर्यंत सुट्टी मिळणं अवघड आहे. भाऊ आला नाही. ब्रश आले. एकेक करून तीन आले.

पहिला आला तो 'प्युअर'. हे मला नंतर कळलं, की प्युअर म्हणजे शुद्ध नव्हे, सगळ्यात खालची पायरी. नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायला हवं. काळपट तपकिरी केस, आखूड, दांडा काळा गुळगुळीत. पाण्यात बुडवला आणि पडवीभर ओल्या जनावराचा वास सुटला. म्हशीनेही मान वळवून पाहिलं. भावाने फोनवर मोठं व्याख्यान झाडलं. नवा आहे, दोन-चार वेळा साबण लावून धू, वास जातो. बॅजरला फार भिजवावं लागत नाही, नुसता बुडव, झटक आणि लाव. मी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहिला. बरा होता. टोकांना थोडी कुसळं होती, नव्या टॉवेलसारखी. आबांच्या उजव्या गालाला लावला तर म्हणाले, बरा शे. डाव्या गालाला लावला.

"लागस का?"

"नई."

दुसरा 'बेस्ट'. यात केस लांब, मधे काळा पट्टा आणि टोकं मळक्या पांढऱ्या रंगाची. प्युअरचा फेस दाढीपुरता, याचा फेस दाढी होऊन शिल्लक राहायचा. प्युअर गालावर चालतो, बेस्ट पसरतो, असं मी भावाला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, की पुन्हा एकदा तेच वाक्य बोल, लिहून घेतो, म्हणाला. खरं सांगते, मलाही नाद लागला होता. आयुष्यात दाढीशी संबंध न आलेली बाई मी, सकाळी उठून दोन ब्रश दोन वाट्यांत घोळवत बसायची. एक माझ्या डाव्या मनगटावर, एक उजव्या. कोणता किती पाणी धरतो, कोणाचा फेस आधी बसतो, कोण गालाला टेकल्यावर फुलासारखा उघडतो आणि कोण नुसताच वाकतो. माय स्वैपाकघराच्या दारातून बघायची आणि नाक मुरडायची. तिला वाटायचं, मास्तरीण निवृत्त होऊन वाया गेली.

आबांचा डावा गाल मात्र ढिम्म. मी तळव्याएवढ्या त्या जागेवर रोज गोल गोल ब्रश फिरवायचे, कानाच्या पाळीपासून जबड्याच्या हाडापर्यंत, आणि विचारायचे, लागस का. नई. लागस का. नई. थंडी निम्मी सरली तशी मी बोटांवर दिवस मोजू लागले. कापूस वेचून झाला, पपईच्या गाड्या जाऊ लागल्या, एके दिवशी पहाटेचा गारवा जरा कमी वाटला तर मला राग आला. लोकांना ऊन हवं असतं आणि मी थंडीला थांब म्हणत होते.

तिसरा आला तो 'सिल्व्हरटिप'. तो आला तेव्हा भावाने व्हिडिओ कॉलच लावला, डबा त्याच्यासमोरच उघडायला लावला. पांढरी टोकं, जणू नुकतीच पिठात बुडवली आहेत, आणि दांडा हस्तिदंती रंगाचा. मी तो ओला करून मनगटाला लावला आणि, काय सांगू, काही लागलंच नाही. लागत होतं ते फक्त कोमट. केस असे नव्हतेच, नुसता ऊबदार ओलावा चालत होता हातावरून. फेस एवढा, की वाटीत मावेना, माझ्या कोपरापर्यंत आला. आबांच्या तोंडाला लावला तेव्हा त्यांचा चेहराच नाहीसा झाला, नुसते दोन डोळे आणि मिशा. बाहेर धुकं, आत फेस. मी इतका हळू हळू फिरवत होते की माझेच डोळे मिटायला लागले. मला वाटलं आता यातून जो चेहरा निघेल तो अख्खा निघेल.

"लागस का, आबा?"

"हां," आबा म्हणाले. "मऊ शे. मऊ लागस."

मी फोन भावाकडे वळवला. तो पुण्याहून ओरडला, "बघ ताई, म्हटलं नव्हतं?" त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही. आबा त्याच्याकडे बघून उजव्या बाजूने हसले. "चांगला शे रे भाऊ, तुन्हा ब्रश," म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी हवेत होते. रोज विचारायचे, रोज आबा म्हणायचे, मऊ शे. मी सगळ्यांना सांगितलं. मायला सांगितलं, ती देवापुढे साखर ठेवून आली. एवढं सगळं होऊन आबा ओट्यावर मात्र येत नव्हते. मला कळेना. गाल परत आला, मग माणूस पाठ करून का बसलाय?

नवव्या दिवशी काय झालं, की मी ब्रश गालाजवळ नेला आणि तेवढ्यात मला शिंक आली. मिरचीच्या दिवसांत ते रोजचंच. हात हवेतच राहिला, गालापासून दोन बोटं लांब. आणि आबा म्हणाले, "मऊ शे."

मी थांबले. आबांचे डोळे आरशात होते. त्यांना आरशात ब्रश डाव्या गालाशी दिसत होता, आणि ते त्याला उत्तर देत होते. गाल नव्हताच बोलत. आठही दिवस नव्हता.

मी खिळ्यावरून आरसा काढून पालथा ठेवला. "डोया मिटा," म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मी डाव्या गालावर ब्रश चांगला दाबून फिरवला. "लागस का?" त्यांनी उजव्या हाताने गालाजवळचा ब्रश चाचपून पाहिला. मग म्हणाले, "पोऱ्यानी इतला लांबथीन धाडेल शे. त्याले काय सांगू?"

पोराने इतक्या लांबून पाठवला आहे, त्याला काय सांगू. मला राग आला, खूप आला. आबांचा आला, भावाचा आला, त्या पांढऱ्या टोकांचा आला. मी तशीच उठले आणि विहिरीपर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा आबा फेस वाळलेल्या तोंडाने तसेच बसले होते. मी पुन्हा पाणी लावून दाढी केली. भावाला फोन केला नाही. त्याचा आला, तर उचलला नाही.

त्याच दिवशी दुपारी माय ब्रश हातात घेऊन माझ्यापाशी आली. इतके दिवस तिने विचारलं नव्हतं, आजच नेमकं विचारायचं होतं. "ह्या केस कसाना शेतस?"

मी चिडलेलीच होते. बॅजर म्हटलं असतं तर ती गेली असती. पण माझ्यातली मास्तरीण कधी मरत नाही. मी म्हटलं, "बिज्जूना."

बोलले आणि जीभ चावली. आमच्याकडे बिज्जू म्हणजे पुरलेलं उकरणारं जनावर. रानात दिसलं तरी बायका तोंडाला पदर लावतात. आणि मायला तर... माझ्या आधी तिला एक मूल झालं होतं. पाच दिवसांचं होऊन गेलं. नाल्याच्या काठाला पुरलं आणि बिज्जू उकरू नये म्हणून आबांनी वर दगड रचले, दगडांवर बाभळीचे काटे. हे मला आत्याने सांगितलं होतं. मायने स्वतः कधी नाही. ती नाल्याच्या त्या अंगाला आजही जात नाही, गवतालासुद्धा नाही.

"मडं उकरस तो बिज्जू?" माय म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आनि तू तो यास्ना तोंडले लावस?"

मी सांगू लागले, की हा तो नव्हे, हा परदेशातला, हा थंडीच्या मुलखातला दुसराच प्राणी आहे, आपल्याकडचा बिज्जू वेगळा. खरं होतं ते सगळं. तिने ऐकलंही नाही. ब्रश हातात धरून ती आबांपुढे जाऊन उभी राहिली. आबांनी पडवीतून आमचं बोलणं ऐकलं होतं. ती काही बोलायच्या आधीच ते नाल्याकडे हात करून म्हणाले, "तठे कोनी उकरेल नई. मी सोता देखेल शे." जरा थांबून म्हणाले, "रोज."

इतकी वर्षं झाली. मला वाटतं त्या दोघांत त्या मुलाबद्दल झालेलं माझ्या कानावर पडलेलं हे एवढंच बोलणं. माय तिथेच उंबऱ्यावर बसली. मी आत निघून गेले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

पण माय ती माय. शब्दाने समाधान झालं तरी हाताने काहीतरी केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लेकाने पाठवलेली वस्तू टाकवेना, आणि तशीच घरात ठेववेना. तिने आपल्या परीने मधला मार्ग काढला. संध्याकाळी मी दूध घालायला गेले तेवढ्यात तिने तिन्ही ब्रश पातेल्यात घातले, वर कडुनिंबाचा पाला, हळद, खडेमीठ, आणि चुलीवर ठेवून भाजीसारखे रटरट उकळले. मी आले तेव्हा पातेल्यात हिरवट पाण्यावर केस तरंगत होते, पांढऱ्या टोकांचे आणि काळ्या पट्ट्यांचे, सगळे एकत्र. मुळाशी डिंकाने बसवलेली गाठ सुटली होती. दांडे तेवढे तळाशी स्वच्छ निघाले होते.

"उकायी टाकात मी," माय समाधानाने म्हणाली. "आते चोखा व्हई गयात."

मला हसू आलं. आधी रडू यायला हवं होतं, पण हसू आलं, आणि ते थांबेना. प्युअर, बेस्ट आणि सिल्व्हरटिप यांतला फरक आता कोणालाही सांगता आला नसता.

सकाळी दाढी तर करायची होतीच. आबांना एक दिवस खुंट ठेवलेले चालत नाहीत, मग तोंड आपलं असो की नसो. मी कोनाड्यातून त्यांचा जुना ब्रश काढला. बंबाशेजारी पितळी वाटी ठेवली. उशीर झाला होता, ऊन पडवीच्या पायरीपर्यंत आलेलं. भावाने शिकवलं होतं तसं केलं, नुसता बुडवला, झटकला, साबणावर फिरवला. फेस धड होईना, दोन-चार बुडबुडे आले आणि बसले. आरसा अजून पालथाच होता. आबांचे डोळे मिटलेले होते, मी सांगितलं म्हणून नाही, बहुतेक रात्री झोप नसेल. ते तसेच पेंगत होते आणि मीही जागी होते असं म्हणवत नाही. आदल्या दिवशीचं सगळं पडवीत अजून तरंगत होतं. मी उजव्या गालाला ब्रश लावला आणि तंद्रीतच डाव्या गालावर गेले. विचारलंसुद्धा नाही. विचारणं आता सोडून दिलं होतं.

"टोचनं," आबा म्हणाले.

मी हात मागे घेतला. कडुनिंबावर कोणतातरी पक्षी बोलत होता तो बोलतच राहिला.

"कठे टोचनं, आबा?"

डोळे न उघडता त्यांनी उजवा हात वर केला, चेहऱ्यासमोरून आडवा नेला आणि डाव्या जबड्याच्या हाडावर एक बोट ठेवलं. नेमकं तिथेच, जिथे फेसाचा ठिपका होता. "आठे."

मी ब्रश कपाळाला लावला, मुद्दाम. "आते?" "कपायले." हनुवटीच्या उजवीकडे लावला. "उजवीकडे, आनि आते कसाले इचारस?" मग श्वास धरून पुन्हा डाव्या जबड्यावर, ते पिवळे ताठ केस उभे धरून. आबांनी मान झटकन मागे घेतली. घेतली म्हणजे गालानेच घेतली. "टोची ऱ्हायना म्हनी सांगं ना तुले," ते वैतागून म्हणाले, आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आरशात नाही, माझ्याकडे. "ब्रश आधी भिजाडनं पडस. इतलं बी समजत नई का तुले?"

तेव्हा मला आठवला तो गरम पाण्याचा तांब्या. लहानपणी मला वाटायचं ती ब्रशाची ठेवायची जागा आहे. म्हैस पिळून होईपर्यंत तो तिथे मऊ होत असे. आबांचा हा ब्रश बॅजरचा नव्हता, डुकराच्या केसांचा होता, त्याला वेळ लागतो. ही गोष्ट भावाने कधीतरी सांगितली होती आणि मी सोडून दिली होती. डुकराचं मायला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

माय धावत आली. तिने आपला तळहात आबांच्या डाव्या गालावर ठेवला. पन्नास वर्षं कापूस वेचलेला हात. "मन्हा हात लागस का?" आबांनी विचार केला. खोटं बोलायची संधी होती, आरसा नव्हता, पण ती समोरच उभी होती. "तुन्हा नई," ते म्हणाले. "आजून नई. पन टोचनं ते खरं शे." मायने मान हलवली, जणू एवढं पुरे, आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली. मी खांबाला टेकून रडून घेतलं. खूप दिवसांचं साचलेलं होतं.

नंतर पर्समधला डॉक्टरांचा कागद काढला. स्वच्छ लिहिलं होतं. मऊ आणि खरखरीत, गार आणि गरम, आलटून पालटून. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, की प्रश्न शेवटपर्यंत वाचा. आम्ही बहीणभावाने पहिला शब्द वाचला आणि तिथेच राहिलो. आबांना काही लागू नये म्हणून आम्ही दोघं जिवाचं रान करत होतो, आणि हवं होतं ते नेमकं लागणं. भावाला फोन करून सगळं सांगितलं, उकळलेल्या ब्रशांसकट. मग त्याने विचारलं, "ताई, खरंच टोचलं?" मी म्हटलं, ये आणि बघ. तो शनिवारी आला.

पण त्याच्या आधीची सकाळ सांगायची राहिली. टोचलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी शहाणी झाले होते. पहाटेच उठले, तांब्यात कढत पाणी घेतलं आणि ब्रश त्यात उभा करायला नेला, जसा आबा करत. आबा पडवीत बसलेले नव्हते. मी शोधत पुढे आले तर ओट्यावर. खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली होती, रस्त्याकडे तोंड करून, खांद्यावर टॉवेल. धुक्यातून कोणी सायकलवर जात होतं आणि आबा त्याला वाकड्या तोंडानेच विचारत होते, कठे निंघना. मी तांब्या ओट्यावर टेकवला. ब्रश पाण्यात सोडणार, तेवढ्यात त्यांनी आपला धड हात तांब्याच्या तोंडावर आडवा धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "कोरडाच लाव."